फूल नंतर, आधी पाझर शोधा: ओल्या कातळावरच्या तेरड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शेवटच्या पानावर आम्ही एक फोटो टाकला होता, आंबोलीच्या घाटातल्या ओल्या कातळाचा, त्याला चिकटून बसलेली हिरवी पानं आणि वर बारीक दांड्यांवर डुलणारी गुलाबी फुलं, आणि खाली फक्त एवढंच लिहिलं होतं की हाही तेरडाच पण बिनखोडाचा, आणि तो दरवर्षी त्याच जागी येतो. झालं! तेवढ्या दीड ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी फोटो पाठवून "हेच ना?" विचारलंय त्यांना आधी घेतो, कारण बऱ्याच फोटोंमध्ये ते "हेच" नाहीये.

प्रश्न: राधानगरीच्या बाजूला फिरताना एकाच ओल्या भिंतीवर तीन गुलाबी फुलं दिसली, तिन्हींचे फोटो पाठवतोय. माझ्या मते तिन्ही तुमचा तेरडाच आहे, मित्र म्हणतो एकही नाही. पैज लागलीय, निकाल द्या.
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, पैज दोघंही हरलात, कारण पहिला फोटो बरोबर आहे आणि बाकीचे दोन वेगळे. पण यात तुमची चूक म्हणता येणार नाही, ही सगळी मंडळी एकाच भिंतीवर शेजार धरून राहतात, एकाच वेळी फुलतात आणि वरून सगळी गुलाबी.

पहिला तो आपला. शास्त्रीय नाव इम्पेशन्स अकॉलिस, अकॉलिस म्हणजे खोड नसलेला, हे नाव अर्नॉट नावाच्या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १८३६ साली दिलंय. आपला सह्याद्री, खाली केरळ-तमिळनाडूपर्यंतचे डोंगर आणि श्रीलंका, एवढ्याच भागात हा सापडतो. नावाप्रमाणे याला खोड नाहीच, पानं थेट कातळातून उगवल्यासारखी दिसतात आणि फुलांचा दांडा पण तिथूनच सरळ वर येतो. खात्री करायची असेल तर फूल पुढून बघू नका, बाजूने बघा. मागे एक बारीक, लांब, जराशी वाकलेली नळी दिसेल, सोंड म्हणा नाहीतर शेपूट म्हणा. मध त्या नळीत असतो, म्हणजे ज्याची जीभ लांब त्यालाच तो मिळणार, फुलपाखरं वगैरे. तुमच्या या तीन फुलांत सोंड फक्त तेरड्यालाच, आणि सोंड आहे पण खोड नाही, पानं कातळाला लागून आहेत म्हटलं की हाच.

दुसरा फोटो बेगोनिया. त्याचं पान बघा, मधल्या शिरेच्या एका बाजूला मोठं आणि दुसऱ्या बाजूला लहान, कुणीतरी घाईत कापल्यासारखं. एकाच झाडावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलाच्या मागे पंख फुटलेलं बोंड दिसतं, तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात ते आलंय. तिसरा फोटो सोनेरिलाचा, तो ओळखणं तर फारच सोपं, पाकळ्या मोजायच्या. तीन पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर, विषय संपला. पैजेचे पैसे दोघांनी मिळून चहाला उडवा.

प्रश्न: दोन वर्षं झाली कासचं बुकिंग करून जातोय, फुलं भरपूर बघितली पण तुमचा हा कातळावरचा तेरडा काही दिसला नाही. नक्की कुठे जायचं ते पत्त्यासकट सांगा.
एक वाचक, पुणे

उत्तर: पत्ता नाही देणार, पण पत्ता कसा काढायचा ते सांगतो, ते जास्त कामाचं आहे.

आधी कासचं. कास हे सडा आहे, वर जांभ्याचा थर, उघडं, वाऱ्यावरचं. तिथे तेरडे आहेत, गालिचे पसरतात, पण ते वर्षायू, म्हणजे त्याच पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकून मरायचं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे, आणि लोकांना वाटायला लागलंय की रानफूल म्हणजे सपाट सड्यावर गुडघाभर उंचीवर मिळणारी गोष्ट. आपला हा गडी उभ्या भिंतीवरचा. त्याला सपाटी नको आणि उघडं ऊन तर अजिबात नको.

म्हणून मी नेहमी सांगतो, फूल शोधू नका, पाझर शोधा. आता पाझर कुठे असतो? सह्याद्रीचा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला बेसॉल्ट. समोरचा डोंगर पावसाळ्यात लांबून नीट बघितलात तर थरांच्या आडव्या रेषा दिसतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लालसर मातकट पट्टा असतो. वरच्या थराच्या भेगांतून पाणी खाली झिरपत येतं, त्या चिकट लाल पट्ट्याशी आलं की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडातून बाहेर येतं. बस, तीच तुमची जागा. अशा ठिकाणी शेवाळाची आणि नेच्यांची हिरवी रेघ कड्यावर आडवी गेलेली असते, अगदी फूटपट्टीने ओढल्यासारखी. धबधबा शोधत बसू नका, धबधब्याच्या थेट माराखाली काही टिकत नाही, त्याच्या दोन्ही अंगाला जिथे नुसते तुषार उडतात आणि पाणी दगडावरून सरकत राहतं तिथे बघा.

दुसरी गोष्ट दिशा. इथे एक गंमत आहे जी मला पण खूप उशिरा कळली. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे दोनदा येतो ना, एकदा मे महिन्यात आणि परत जुलैअखेरीच्या आसपास, तर त्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे खरं तर ऐन पावसाळ्यात उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्याला ऊन लागायला हवं, पण तेव्हा ढग इतके दाट असतात की ऊन कुणालाच मिळत नाही. ऑगस्टमध्ये सूर्य दक्षिणेला सरकतो, सप्टेंबरला ढग फाटायला लागतात, आणि बरोबर तेव्हा उत्तरेकडची भिंत सावलीत गेलेली असते. त्यामुळे पाऊस उघडल्यावर दक्षिणेकडचा कातळ चार दिवसात कोरडा ठणठणीत आणि उत्तरेकडचा अजून गळतोय असं दिसतं. तुम्ही उशिरा निघणार असाल, म्हणजे गणपती झाल्यावर, तर उत्तरेकडच्या भिंती धरा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर दिशेचं फारसं मनावर घेऊ नका, झाडाखालची कुठलीही गळकी भिंत चालेल.

आंबोलीला वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीवरसुद्धा हा दिसतो, गाडीतून उतरायचीही गरज नाही. तरी उतराच.

प्रश्न: आमच्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. आणि तुम्ही म्हणता हा दरवर्षी त्याच जागी येतो. मग हा तेरडा कसा? माझा यावर विश्वास नाही.
एक आजी, सातारा

उत्तर: आजी, म्हण खरी आहे पण ती अंगणातल्या तेरड्याची आहे. तो बी पडलं की उगवतो, श्रावण-भाद्रपदात रंग दाखवतो आणि पाऊस सरला की गेला, पुढच्या वर्षी जो येतो तो त्याचा मुलगा किंवा नातू. कातळावरच्याचं तसं नाही, तो स्वतःच परत येतो. कपारीत, शेवाळाच्या आणि चिमूटभर मातीच्या आड त्याचा छोटा कंद असतो. पाऊस संपला, पाझर आटला की पानं पिवळी पडून गळून जातात, वर काहीच राहत नाही, जानेवारीत त्या भिंतीसमोर उभ्या राहिलात तर इथे कधी काही होतं असं शपथेवर सांगूनही कुणाला पटणार नाही. कंद मात्र आत तसाच पडून. एप्रिल-मे मधला तापलेला कातळ हाताला सोसवत नाही तेव्हाही तो आत जिवंत असतो, आणि पाऊस लागला की परत पानं.

म्हणजे वर्षातले जास्त महिने हे झाड झोपलेलंच असतं, आपण ज्याला त्याचा सीझन म्हणतो तो त्याच्या आयुष्यातला छोटा तुकडा. माझ्या माहितीतली एक कपार आहे, एका जुन्या पायवाटेच्या वळणावर, तिथे मी कित्येक पावसाळे जातोय आणि तेच तीन पुंजके त्याच तीन जागी असतात. मी त्यांना ओळखीच्या माणसांसारखं बघून येतो, हसू नका.

आणि रंगाचं म्हणाल तर एक फूल काही फार टिकत नाही, त्या बाबतीत म्हण याला पण लागू आहे. पण दांड्यावर एकामागून एक कळ्या उमलत राहतात म्हणून पुंजका बरेच दिवस गुलाबी दिसतो.

प्रश्न: एका नर्सरीतून "सह्याद्रीतलं दुर्मिळ झाड" म्हणून हाच तेरडा आणला, खत घातलं, रोज पाणी घातलं, सकाळच्या उन्हात ठेवला. आठ दिवसात मान टाकली, महिन्यात गेला. नर्सरीवाले म्हणतात पाणी कमी पडलं. माझं काय चुकलं?
एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, मनापासून सांगू का, तुमचं चुकलं ते आणण्यात, बाकी सगळं नंतरचं. नर्सरीवाल्यांचं उत्तर तर चुकीचंच आहे, पाणी कमी नाही पडलं, बहुतेक जास्त झालं.

म्हणजे बघा, कातळावर हा चोवीस तास ओला असतो म्हणून आपल्याला वाटतं याला भरपूर पाणी लागतं. पण कातळावर पाणी थांबत नाही, ते सरकत असतं, पातळ पापुद्र्यासारखं, आणि सरकणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते. मुळांना एकाच वेळी पाणीही मिळतं आणि श्वासही घेता येतो. कुंडीत तेच पाणी मातीत साचून बसतं, मुळं गुदमरतात, कंद सडतो, आणि सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून वरून झाड तहानलेलं दिसतं. मग आपण अजून पाणी घालतो! या चक्रात माझीही झाडं गेलीत, याच जातीची नाही पण तशीच ओलाव्याची.

खताचं पण तेच. कातळावर त्याला मिळतं काय, तर पाझराबरोबर आलेले क्षार, कुजलेल्या पानाचा कण, धूळ, आणि ओल्या दगडावर जी काळपट-हिरवी बुळबुळीत साय असते ना तिच्यातले काही सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरतात तेवढा. इतक्या साध्या जेवणावर वाढलेल्या झाडाला चमचाभर खत म्हणजे पहिल्याच घासाला श्रीखंडाचं पातेलं. आणि पानं इतकी पातळ आणि पाणीदार की सकाळचं कोवळं ऊनसुद्धा सोसत नाही, त्याला हवा पण दमट लागते, फक्त माती दमट असून भागत नाही.

अजून एक शक्यता आहे, वाईट वाटेल पण सांगतो. तुम्ही जर पावसाळा संपत आला असताना आणला असेल तर तो कदाचित मेलाच नव्हता, झोपायला गेला होता. पानं गेली म्हणून कुंडी रिकामी केलीत का? केली नसेल तर सावलीत तशीच ठेवा, जवळजवळ कोरडी, आणि जूनपर्यंत विसरून जा, आला तर आला.

आता जरा कडू बोलतो. हे झाड नर्सरीत आलं कुठून? रोपं करून विकत असतील तर ठीक, पण मला शंका आहे, कारण इतकं नाजूक प्रकरण रुजवत बसण्यापेक्षा कातळावरून खरवडून आणणं स्वस्त पडतं. अभयारण्यातून झाड उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन कायदा आहेच. एक पुंजका खरवडला की त्याच्याबरोबर हातभर शेवाळही सोलून येतं, म्हणजे पुढचं बी रुजायची जागा पण गेली. त्यामुळे विचारा त्यांना, कुठून आणलंत, आणि उत्तर गोलगोल आलं की परत जाऊ नका.

हौस भागवायची असेल तर अंगणातला तेरडा बियांपासून लावा, जूनच्या सुरुवातीला बी टाकलं की गणपतीपर्यंत फुलं. बाल्कनीत ऊन येत नसेल तर नर्सरीत इम्पेशन्स याच नावाने जे सावलीतलं झाड मिळतं ते आणा, ते मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, याचं लांबचं भावंड, कुंडीत मजेत राहतं.

प्रश्न: गौरी आणताना आम्ही तेरड्याची रोपं आणतो. हा जंगली तेरडा आणला तर चालेल का? गुलाबी आहे, छान दिसेल.
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: वहिनी, गौर उभी कशी करणार, याला खोडच नाही! सात-आठ रोपं एकत्र बांधलीत तरी कोथिंबिरीची जुडी दिसेल, आणि घरी पोचेपर्यंत ती पण मान टाकेल. बांधावरचा नेहमीचा तेरडाच आणा, तो भरपूर आहे आणि त्याचं बी आधीच पडलेलं असतं.

प्रश्न: आमचा गडसंवर्धनाचा ग्रुप आहे, पुणे जिल्ह्यातल्या एका गडावर काम करतो. तटबंदीवरची झाडं काढतो तेव्हा ही असली छोटी फुलझाडं पण काढावी लागतात. त्यावरून ग्रुपमध्ये दोन गट पडलेत. काय करावं?
एक वाचक, पिंपरी

उत्तर: काढू नका. म्हणजे सगळीच ठेवा असं नाही म्हणत, नीट ऐका.

तट फोडतात ते पिंपळ, वड, उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी चिऱ्यांच्या फटीत पडतं, मूळ चुन्यात घुसतं, आणि मग ते मूळ जाड होत जातं, चिरा बाहेर ढकलला जातो. ती रोपं लहान असतानाच निघाली पाहिजेत, हातभर झाल्यावर नुसतं वरून तोडून उपयोग नाही, खालून दुप्पट जोमाने फुटतात. या कामाला तुमच्या ग्रुपला सलाम. पण तेरडा, बेगोनिया, नेचे, यांची मुळं दोऱ्यासारखी असतात आणि दोन महिन्यात वरचं सगळं वाळून जातं, ही झाडं चिरा हलवणार कुठून? भिंत ओली आहे म्हणून ती तिथे आलीत, त्यांच्यामुळे भिंत ओली झालेली नाही. उलट तटावर मधेच हिरवा पट्टा दिसला तर समजा की आतून पाणी तिथे झिरपतंय, वरचं गटार तुंबलंय किंवा फरसबंदी फुटलीय. झाड काढून तो सिग्नलच पुसायचा आणि पाणी तसंच आत मुरत ठेवायचं, याला काय अर्थ आहे.

एका गडावर, नाव नको, मी लोकांना तारेच्या ब्रशने अख्खी भिंत घासताना बघितलंय, शेवाळ काढायला. खूप मेहनत, खूप घोषणा, भिंत कोरी करकरीत. त्यात दगड घडवतानाच्या छिन्नीच्या घावांच्या खुणापण घासल्या गेल्या हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं. संरक्षित गडावर असं काही करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच, ती घेतलीत की त्यांच्या माणसालाच विचारा काय काढायचं आणि काय ठेवायचं. भांडणारे दोन्ही गट गप्प बसतील.

प्रश्न: सकाळी लवकर गेलो तेव्हा पानाच्या कडेने ओळीने थेंब होते, माळ लावल्यासारखे. पाऊस नव्हता. दव का?
एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: दव असतं तर सगळ्या पानावर सारखं पडलं असतं. ओळीने आणि बरोबर कडेच्या दात्यांवर आहेत म्हणजे पानातूनच बाहेर आलेत. रात्री हवा इतकी दमट की पानातून वाफ निघत नाही, मुळं मात्र खालून पाणी ढकलत राहतात, मग ते जादा पाणी कडेच्या बारीक छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर येतं. अंगणातल्या अळूला पण हेच होतं. नजर चांगली आहे तुमची.

प्रश्न: त्याच कातळावर शेवाळातून वर आलेली एकदम बारीक पांढरट-जांभळी फुलं दिसली, मध्ये पिवळा ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढी पानं. हे तेरड्याचं पिल्लू का?
एक वाचक, महाड

उत्तर: पिल्लू नाही, शिकारी आहे. युट्रिक्युलॅरिया, आपण सीतेची आसवं म्हणतो त्याच कुळातली ही ओल्या दगडावर आणि झाडाच्या सालीवर राहणारी जात. शेवाळात दडलेल्या तिच्या धाग्यांना सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात पाण्यातले बारीक जीव ओढले जातात. वाहत्या पाण्याने धुतलेल्या दगडावर नायट्रोजन फारसा मिळत नाही, तो असा कमवायचा. तेरडा गरिबीत भागवतो, ही डाका घालते.

प्रश्न: फोटो काढायला जातो तर मोबाईलचा कॅमेरा धुरकट होतो, फूल सतत हलतं, आणि शेवाळावरून दोनदा पडलो. काही टिप्स?
एक वाचक, बेळगाव

उत्तर: धुरकट होतो कारण तुम्ही एसी गाडीतून उतरून लगेच फोन काढता, थंड काचेवर दमट हवा बसणारच. घाटात शिरल्यावर एसी बंद करा, काच खाली करा, फोन पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. फूल हलतं त्याला इलाज नाही, पाण्याच्या थेंबानेही हलतं, बर्स्ट मोडवर वीस फोटो काढा त्यातला एक निघतो. फ्लॅश नको, ओल्या पानांवर पांढरे डाग येतात. समोरून काढलात तर पाच पाकळ्यांचं साधं गुलाबी फूल दिसेल, बाजूने काढा म्हणजे सोंड येईल.

पडण्याबद्दल: काळा चकचकीत ओला दगड आणि हिरवं शेवाळ दोन्ही घसरतात, खडबडीत कोरड्या जागी पाय ठेवा आणि भिंतीवर चढूच नका, झूम कशाला दिलाय. मी एकदा अशाच नादात कोपरावर आपटलोय, फोटो पण हलला आणि कोपर पण. आणि फोटो टाकताना तालुका लिहा, वळणाचा नेमका नकाशा नको, ठाण्याच्या ताईंचा प्रश्न वर वाचलात ना.

प्रश्न: आमच्या घाटात रस्ता रुंद केला, डोंगर कापला, ज्या भिंतीवर हा फुलायचा ती भिंतच गेली. नवीन कापलेल्या भिंतीवर तो परत येईल का?
एक वाचक, चिपळूण

उत्तर: येऊ शकतो, पण ते भिंतीचं काय केलंय त्यावर आहे. आधीच म्हटलं ना की आंबोलीच्या घाटात हा कापलेल्या भिंतीवर पण दिसतो, म्हणजे त्याला नवा-जुना दगड असा भेदभाव नाही. नुसता कापून सोडला असेल आणि वरचं जंगल शिल्लक असेल तर आधी ती काळी-हिरवी साय धरते, मग शेवाळ, मग नेचे, आणि वरच्या कपारीतून बी आलं तर तेरडा. घाई मात्र करू नका, हे पाच-सहा महिन्यांचं काम नाही.

जाळी मारली असेल तरी चालतं, जाळीतून पाणी येतं आणि झाडही येतं. दरड पडून माणसं मरतात, त्यामुळे जाळीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण सिमेंटचा फवारा मारून भिंत लिंपली असेल आणि पाझराला नळ्या घालून पाणी थेट गटारात नेलं असेल, तर त्या भिंतीपुरता विषय संपला, कारण ओलच नाही. मग शंभर-दोनशे मीटर पुढेमागे बघा जिथे फवारा पोचला नाही. पाण्याला तर कुठूनतरी बाहेर यावंच लागतं, कधी कधी ते नव्याच जागी फुटतं आणि दोन पावसाळ्यांनी तिथे हिरवं दिसायला लागतं. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर एक चक्कर मारा आणि कुठून गळतंय एवढंच बघून ठेवा, फुलं बघायला ऑगस्टमध्ये जा.

प्रश्न: मी चौथीत आहे. बाबा म्हणाले तेरड्याचं बी फटकन उडतं. पण बी खाली पडत असेल तर हे झाड डोंगराच्या वर कसं चढलं?
एक छोटी वाचक, सांगली

उत्तर: शाब्बास, हा या वेळचा सगळ्यात भारी प्रश्न आणि तो मुद्दाम शेवटी ठेवला.

तेरड्याचं बोंड पाच तुकड्यांचं असतं. पिकत आलं की ते पाणी पिऊन तट्ट फुगतं, प्रत्येक तुकडा स्प्रिंगसारखा ताणून धरलेला असतो, आणि जरा धक्का लागला, पावसाचा थेंब पडला, की पाचही तुकडे एकदम आत गुंडाळतात आणि बिया उडतात. म्हणूनच याचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स, म्हणजे धीर नसलेला! आता बिया उडतात त्या फक्त खाली नाही, सगळ्या बाजूंना, काही वरपण. तेरड्याच्या काही जातींचं बी मीटर-दोन मीटर लांब जातं. जे कोरड्या दगडावर आपटतं ते खाली पडतं, त्यातलं काही पाण्याबरोबर वाहून जातं आणि खालच्या भिंतीवर रुजतं, म्हणून खाली उतरणं सोपं. पण जे वर उडून ओल्या शेवाळाला चिकटतं ते तिथेच राहतं. म्हणजे एका वेळी वीतभर, हातभर वर. पुढच्या झाडाने अजून हातभर. डोंगराला घाई नाही आणि झाडालाही नाही, धीर फक्त बोंडाला नाही.

हे तुला स्वतःला बघायचं असेल तर कातळावरच्या तेरड्याला हात लावू नकोस, त्याच्याकडे बिया मोजक्याच असतात. अंगणातला तेरडा घे, गणपतीनंतर त्याला लव असलेली फुगीर बोंडं येतात, गडद हिरवं कच्चं असतं, जरा फिकट पिवळट झालेलं पिकलेलं. असं एक पिकलेलं बोंड अलगद तोडून मुठीत धर आणि मूठ हळूच आवळ. आत काहीतरी जिवंत असल्यासारखं वळवळतं, हाताला गुदगुल्या होतात, आणि मूठ उघडलीस की गुंडाळलेली सालं आणि तपकिरी बिया. त्या बिया सावलीत वाळवून ठेव, जूनमध्ये लाव.